‘लेखकाने मागे घेतला’

नसरीन, वार्षिकांकाचं काम बघणाऱ्या सरांनी मला तुझ्यावर लिहायला सांगितलंय. फोटो त्यांच्याकडे आहे, दोन-तीन पानं चालतील, फक्त “मॅडमचं संशोधनकार्य जरा ठळक येऊ द्या” म्हणाले. मी बरं म्हणाले आणि ग्रंथालयात येऊन माझ्या टेबलाशी बसले. तेव्हापासून बसलेलीच आहे. ठळक काय येऊ देऊ गं? तुझं जे ठळक होतं ते कुठंच छापलेलं नाही, आणि जे छापलंय ते तुझं तुलाच आवडायचं नाही.

शोकसभेत प्राचार्य बोलले. तुझ्या अनेक शोधनिबंधांनी कॉलेजचं नाव उंचावलं म्हणे. मी मागच्या रांगेत दात-ओठ खात बसले होते. अनेक कुठले? एम.फिल.च्या वेळचे दोन, आणि त्यातल्या एकाचा कोणीतरी कधीतरी उल्लेख केलेला. तू शेजारी असतीस तर माझ्या कानाशी लागून म्हणाली असतीस, “बघ वैशे, मेल्यावर वाढले.”

तेही तुला मीच सांगितलं होतं ना. एच-इंडेक्स म्हणजे काय, असं तू विचारलंस, आणि मी सांगितलं की दहा लेखांचा प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेख झाला तर दहा, पाचांचा पाच वेळा झाला तर पाच. तुझ्या एका लेखाचा एकदा झालाय, म्हणून तुझा एक. तो कधी कमी होत नाही, वाढला तर वाढतोच. तू विचारलंस, “माणूस मेल्यावरपण?” मी म्हणाले, हो, मेल्यावरपण. तू इतकी हसलीस की वाचनकक्षातली पोरं वळून बघायला लागली आणि मला, ग्रंथपाल बाईला, स्वतःच्याच मैत्रिणीला ‘शांतता राखा’च्या पाटीकडे बोट दाखवावं लागलं.

आपली ओळखच या शब्दांपायी झाली. पदोन्नतीचा अर्ज घेऊन तू माझ्यासमोर उभी राहिलीस. प्राणिशास्त्राच्या नवीन मॅडम, कामशेतच्या, एवढंच मला माहीत होतं. तू टेबलावर कागद ठेवलास आणि म्हणालीस की यातला एक शब्द कळत असेल तर शपथ. आपल्या कॉलेजात हे शब्द सगळ्यांच्या तोंडात असतात. इम्पॅक्ट फॅक्टर, सायटेशन, क्यू-वन, पीअर रिव्ह्यू. अर्थ विचारायची मात्र सगळ्यांना लाज. तुला लाज नव्हती. मला तेव्हाच तू आवडलीस.

इम्पॅक्ट फॅक्टर समजावताना मी लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानावर आले. म्हटलं, एखाद्या जर्नलमधल्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला, तो हा आकडा. तो जर्नलचा असतो, तुझ्या लेखाचा नसतो. तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, म्हणजे दुकानाबाहेर गाड्या किती लागल्यात ते बघून आतल्या चिक्कीला मार्क द्यायचे. मी म्हटलं, अगदी तेच. आणि ते मार्क चिक्की वळणाऱ्या बाईच्या पगाराला लावायचे. मग क्वार्टाइल आलं. एका विषयातली सगळी जर्नल्स उतरत्या क्रमानं मांडायची आणि त्यांचे चार भाग पाडायचे, पहिला भाग म्हणजे क्यू-वन. तू लगेच त्याच्या पंगती केल्यास. पहिली पंगत, दुसरी पंगत. पुढे तू तुझा लेख जिथं धाडलास ते जर्नल तिसऱ्या पंगतीतलं. “तिसऱ्या पंगतीला वाढपी दमलेले असतात,” तू म्हणायचीस, “पण जेवण तेच असतं.”

तुझ्याइतकं नीट हे कोणी शिकलं नाही. म्हणून तर तुझा इतका राग येतो मला.

खेकडे. तुझ्यावर लिहायचं तर खेकड्यांशिवाय कसं लिहू? तुमच्या घरात खेकडा शिजत नाही, अम्मींना तो दारातसुद्धा चालत नाही, आणि लेकीनं संशोधनाला धरला तो भातखाचराच्या बांधातला खेकडा. माझं माहेर कान्ह्याचं. आमच्याकडे पावसाळ्यात खेकड्याच्या नांग्या वाटून, रस गाळून, त्याचा असा रस्सा व्हायचा की शेजारी ताट घेऊन यायचे. तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस ती नेमकी त्याच वेळी. आईची पंचाईत झाली, तिनं तुझ्यासाठी घाईघाईनं पिठलं टाकलं. तू पिठलं-भाकरी खात बसलीस आणि आमच्या ताटातल्या प्रत्येक नांगीची जात सांगत राहिलीस. “मी मोजते आणि तू गिळतेस,” म्हणालीस. आईला तू कायमची आवडलीस. तू गेल्याचं तिला सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसली, आणि मग उठून बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे तुझ्या नावानं मेणबत्ती लावली. हे तुला सांगायचं राहून गेलं असतं.

तुझा प्रश्न साधा होता. मावळात भाताची खाचरं जाऊन बंगले आणि हिरवळी येतायत, तर बांधातल्या खेकड्यांचं काय होतं? म्हणून तू मळवलीच्या काही खाचरांच्या बांधांवरची बिळं हंगामभर बघायची ठरवलीस. बिळापाशी बांबूची काडी, काडीला लाल चिंधी. चिंध्या तुझ्या भावाच्या, सलीमच्या, गादीच्या दुकानातल्या, रजईच्या कापडाच्या. सगळं झकास मांडून तू आलीस, आणि पुढच्या खेपेला गेलीस तर एक काडी जागेवर नाही. खाचरांचे मालक आबा, त्यांच्या हातात तुझ्या काड्यांची मोळी, आणि मागं सगळी आळी उभी.

“हितनं रस्ता न्हाई जायचा,” आबा म्हणाले. “सांगून ठेवतो.”

त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे बांधावर लाल फडकं दिसलं की ते मोजणीवाल्यांचंच असतं. आधी फडकं येतं, मग यंत्र येतं, मग नोटीस. तू सलीमचा मोठा रेनकोट घालून चिखलात उभी, आणि सांगतेयस की आबा, रस्ता नाही, खेकडे. कोणाचा विश्वास बसेना. सरकार आता खेकडं पण मोजतंय का, असं एक मावशी म्हणाली म्हणे. हे सगळं तू मला ग्रंथालयात नकलेसकट करून दाखवलंस. पुढच्या हंगामात आबा स्वतःच काड्या रोवून द्यायला लागले, आणि बिळं बुजवायच्या आधी तुला निरोप धाडायला लागले.

ते दिवस चांगले होते. लिहून टाकते, ते फार चांगले होते.

मग तू लेख लिहायला बसलीस, आणि आपली भांडणं सुरू झाली. तू आधी मराठीत लिहायचीस आणि मग त्याचं इंग्रजी करायचीस. त्या चिंध्या उपटल्याचं एक वाक्य तू अभ्यासपद्धतीच्या भागात घातलंस. मी म्हटलं, काढ. म्हटलं, ‘पहिल्या हंगामातील काही नोंदी उपलब्ध नाहीत’ एवढं लिही, सगळे तसंच लिहितात, त्यात खोटं काही नाही. तू म्हणालीस, उपलब्ध नाहीत म्हणजे काय, उंदरांनी खाल्ल्या? का नाहीत ते मला माहितीय, मग सांगायला नको? मी म्हटलं, जर्नल ज्याच्याकडे लेख तपासायला धाडतं, त्या परीक्षकाच्या हातात आपण होऊन काठी द्यायची कशाला. त्याला तुझं नाव दिसत नाही, तुला त्याचं दिसत नाही, तो फक्त कागद बघणार, आणि कागदावर हे वाक्य भोक असल्यासारखं दिसणार. तू ऐकलं नाहीस. पुन्हा पुन्हा आपण त्यावर आलो. चहा पिताना, जिन्यात, एकदा तर माझ्या चुलत भावाच्या लग्नात जेवताना. मला अजूनही वाटतं की मी बरोबर होते. तू गेलीस म्हणून मी काही मत बदललेलं नाही.

दुसरं भांडण नावांचं. पुण्याचे तुझे जुने मार्गदर्शक म्हणाले होते की त्यांचं नाव टाकलं तर लेखाला वजन येईल. तू मला विचारलंस. मी सांगितलं, याला पाहुणा लेखक म्हणतात, काम न करता नाव. तू म्हणालीस, सर एकदा तरी चिखलात उतरले असते तर टाकलं असतं. नाही टाकलंस. तिथं आपलं एकमत होतं. मग तू माझं नाव टाकायला निघालीस. संदर्भ सगळे वैशालीनं तपासले, इंग्रजी तिनं दोनदा वाचलं, कोष्टकं तिनं लावली, मग ती लेखक का नाही? मी नियम काढून तुझ्यापुढे ठेवला. ज्यानं अभ्यास आखला, माहिती गोळा केली, अर्थ लावला, आणि जो त्याची जबाबदारी घेऊ शकतो, तो लेखक. संदर्भ तपासणारी बाई आभारात. तू रुसलीस. “तुझं नाव माझ्या नावाशेजारी बरं दिसलं असतं,” म्हणालीस. मी म्हटलं, बरं दिसायला आपण काय लग्नपत्रिका छापतोय का.

आभारात मी आहे. लेखक तू एकटी. हे सगळं शंभर टक्के नियमाला धरून आहे.

लेख गेला, आणि तुझा जीव टांगणीला लागला. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन यायचीस आणि माझ्या संगणकावर त्या जर्नलचं पान उघडायचीस. ‘सादर केला’. मग ‘परीक्षणाधीन’. ‘परीक्षणाधीन’वर तो इतके महिने राहिला की आपण त्या पानाला ‘हवामान’ म्हणायला लागलो. काय गं, आजचं हवामान काय? ढगाळच. मध्येच वाणिज्य विभागातल्या एका सरांचा लेख पेढ्यांसकट प्रसिद्ध झाला. पाठवल्यापासून आठवडा झाला नव्हता. जर्नलच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ होतं, ‘ग्लोबल’ही होतं, आणि पत्ता एका गाळ्याचा होता. परीक्षण वगैरे भानगड नाही, फी भरा आणि छापून घ्या. ते सर तुलाही म्हणाले, मॅडम, तुम्ही पण द्या की, खेकड्यांचं चालतं तिथं. तू पेढा खाल्लास, दुसराही घेतलास, आणि नको म्हणालीस. त्या वर्षी त्यांना पदोन्नती मिळाली. तुझ्या अर्जात संशोधनाच्या रकान्यात काही भरता आलं नाही, कारण परीक्षणाधीन लेखाला गुण नसतात. मला आठवतं, तू तो अर्ज माझ्या टेबलाशी बसून भरलास आणि तो उडू नये म्हणून त्यावर माझंच पुस्तक ठेवलंस.

मग उत्तर आलं. मोठी दुरुस्ती करून पुन्हा पाठवा. पहिल्या परीक्षकानं भरभरून लिहिलं होतं. दुसऱ्यानं नेमकं त्या वाक्यावर बोट ठेवलं. लेखकानं स्वतःच कबूल केल्याप्रमाणे पहिला हंगाम अपुरा आहे, तरी त्याच बांधांवर आणखी एक पूर्ण हंगाम नोंदी घ्याव्यात. मी ‘सांगितलं होतं ना’ असं म्हणाले नाही, एवढं माझ्या नावावर जमा कर. तू मात्र खूश होतीस. म्हणालीस की त्यानं वाचलंय गं, शब्दन् शब्द वाचलाय, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे, मी त्याच्या जागी असते तर हेच मागितलं असतं. घेऊ अजून एक हंगाम, आबा आहेतच.

आपण दोघी गेलो होतो मळवलीला, पाऊस तोंडावर आला होता तेव्हा. तू नव्या काड्या घेतल्या होत्यास. खाचरं होती तिथं दगडी भिंत, भिंतीला काळं फाटक, आत गुडघाभर फुलझाडं आणि निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव. फाटकाशी आबाच. शर्टाच्या खिशाला शिट्टी अडकवलेली. जमीन भावकीनं मिळून विकली होती, आबांना तिथंच राखणीला ठेवलं होतं. त्यांनी आपल्याला ओळखलं आणि आत नेऊन दाखवलं, कुठं बांध होता, कुठं ओहळ होता. तलावाच्या कडेनं चालताना तू पाय जपून टाकत होतीस, बांधावरून चालतात तशी.

“खेकडं न्हाई आता, म्याडम,” आबा म्हणाले. “चुकून एखादं निघालं तर ह्या पान्यात पडतं आन मरतं. ह्या पान्यात औषद टाकत्यात ना. मी जाळीनं काडतो.”

तू त्यांना विचारलंस, काढल्यावर कुठं टाकता? ते म्हणाले, भिंतीपल्याड. आणि मग थोड्या वेळानं, आपण निघताना, म्हणाले की तुमच्या त्या लाल चिंद्या उपटल्या तवाच कळाय पायजे व्हतं, रस्ता न्हाई तर दुसरं कायतरी येनार.

परतताना तू त्या काड्या मांडीवर घेऊन बसली होतीस. तू संपादकांना लिहिलंस की त्या जागा राहिल्या नाहीत, कान्ह्याच्या बांधांवर नोंदी घेऊ का. त्यांनी परीक्षकाला विचारून कळवलं की तुलना होऊ शकणार नाही. मग तू म्हणालीस, ठीक आहे, मग मी उत्तर लिहिते. परीक्षकाला उत्तर द्यायचा लेखकाला हक्क असतो, हेही मीच तुला शिकवलेलं. जागा नाहीशा झाल्या हाच माझा निष्कर्ष आहे, असं मी लिहिणार, तू म्हणालीस. बांध असताना किती होते ते माझ्याकडे आहे. बांध गेल्यावर किती आहेत ते आबांच्या जाळीत आहे. मला ते इतकं पटलं की मी उठून तुझ्या पाठीत धपाटा घातला. ते उत्तर फक्त तूच लिहू शकत होतीस. कुठलं बीळ कुठल्या बांधावर, कुठल्या जातीचं, कुठल्या आठवड्यात, ते तुझ्या डोक्यात होतं, आणि त्याचा अर्थ काय तेही.

आणि त्याच महिन्यात तुझं पोट दुखायला लागलं.

दुखण्याबद्दल मी लिहिणार नाही. ते सगळ्यांना माहीत आहे, आणि लवकर कळलं असतं तर, हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता कोणी म्हणालं तर मी उठून जाते. मला फक्त ती दुपार आठवते. तळेगावच्या हॉस्पिटलात तू कुशीवर वळून माझ्याकडे बघत होतीस. तीन ओळी लिहून झाल्यात, म्हणालीस, डोकं चालत नाही गं गोळ्यांनी, मुदत वाढवून घे. मी वाढवून घेतली होती. मग तू विचारलंस, “कॉरस्पॉन्डिंग ऑथर गेला तर काय होतं?”

मला उत्तर माहीत होतं. असले प्रश्न विचारायला सगळं कॉलेज माझ्याकडे येतं. दुसरा लेखक असेल तर जर्नलशी पत्रव्यवहार तो पुढं नेतो. नसेल तर नाही. मी म्हटलं, सलाईन संपत आलंय, सिस्टरला सांगून येते, आणि बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिले. परत आले तेव्हा तू डोळे मिटले होतेस. तुला उत्तर कळलं होतं का? तू असले शब्द फार नीट शिकली होतीस. कळलंच असणार. तरी तू पुन्हा विचारलं नाहीस, माझ्यासाठी म्हणून.

माती द्यायला बायका जात नाहीत. सलीम आणि बाकीचे तुला घेऊन गेले, आणि आम्ही बायका वर, दुकानावरच्या खोलीत, नव्या कापसाच्या वासात बसून राहिलो. अम्मींनी माझा हात धरला होता. मग हळूच विचारलं, “तिचं ते खेकड्याचं छापून आलं का गं, वैशाली?” ज्या बाईनं उभ्या जन्मात खेकडा दारात येऊ दिला नाही, ती बाई हे विचारत होती. मी म्हणाले, यायचंय. त्या म्हणाल्या, आलं की मला आणून दे, मला वाचता नाही आलं तरी दे.

मी संपादकांना लिहिलं. सगळं लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं, खरं दुःख झालेलं असावं असं वाटणारं होतं. सहलेखक असल्यास त्यांनी पुढील पत्रव्यवहार करावा. मी कळवलं, नाही. मग अभ्यासात प्रत्यक्ष सहभागी असलेलं आणि परीक्षकांच्या शंकांची जबाबदारी घेऊ शकेल असं कोणी? मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. हे तर माझंच वाक्य. याच शब्दांनी मी माझं नाव लेखातून काढायला लावलं होतं. कोष्टकं लावणं म्हणजे जबाबदारी घेणं नव्हे. मी एकदाही चिखलात उतरले नाही. बीळ दाखवलंस तर ते खेकड्याचं की उंदराचं, मला सांगता येणार नाही. मी खोटं लिहिलं असतं तर कदाचित चाललं असतं. पण तुझ्या लेखाखाली खोटं लिहायचं? चिंध्यांच्या वाक्यापायी जिनं सगळं पणाला लावलं, तिच्या लेखाखाली? मी लिहिलं, नाही, असं कोणी नाही.

तुझे पुण्याचे सर पाहुणा लेखक म्हणून आत असते तर आज लेख चालू राहिला असता. हा विचार मला येतो, आणि आला की काहीतरी फेकावंसं वाटतं.

काल जेवणाच्या सुट्टीत सवयीनं ते पान उघडलं. हवामान बदललंय. आता तिथं लिहिलंय, ‘लेखकाने मागे घेतला’. मी लगेच पत्र धाडलं की तिनं मागे घेतलेला नाही. ती मेली आहे. मागे घेणं ही एक कृती असते, तिनं ती केलेली नाही, करणारही नव्हती. रागात मी बरंच लिहिलं. उत्तर आलं, तुमच्या भावना समजतात, परंतु आमच्या प्रणालीत यासाठी दुसरी नोंद उपलब्ध नाही.

उपलब्ध नाही. तू ते शब्द बघायला हवे होतेस.

तर असं आहे बघ. लेख नाही. त्या जागा नाहीत, म्हणून तो अभ्यास पुन्हा कोणी करू शकत नाही, करायचा म्हटला तरी. उत्तराच्या तीन ओळी आहेत, त्या मी कितीदा वाचल्या, चौथी मला सुचत नाही. नाही छापलं तर उल्लेख नाही, उल्लेख नाही तर एक तो एकच राहणार. मेल्यावर वाढतो हे मी तुला उगाच सांगितलं. छापलेल्यांचा वाढतो.

सरांना दोन-तीन पानं हवी होती, झाली असतील. या वार्षिकांकाला ना जर्नलसारखा नोंदणी क्रमांक आहे, ना तो कुठल्या यादीत आहे, ना कुठल्या पंगतीत. परीक्षक नाही. यात आलेल्या कशालाच गुण नसतात, हे तुला मी सांगायला नको. पण छापतात तो कागदावर, शाईनं. म्हणून तुझं ते वाक्य, ज्यावर आपण इतकं भांडलो, ते तू मराठीत लिहिलं होतंस तसं खाली देते. संशोधनकार्य ठळक येऊ द्या म्हणाले होते. सरांनी हे ठळक छापावं.

पहिल्या हंगामात बिळांच्या खुणेसाठी लावलेल्या लाल चिंध्या मळवलीच्या शेतकऱ्यांनी रस्त्याची मोजणी समजून उपटल्या. त्यांचे काही चुकले नाही. त्या दिवसांच्या नोंदी मी या अभ्यासात धरलेल्या नाहीत.

मी यातला एकही शब्द कापलेला नाही, नसरीन. अंक हातात आला की कामशेतला जाईन आणि अम्मींना देईन. छापून आलं का, असं त्या विचारतील. हो, आलं, म्हणेन. किती आलं, ते नाही सांगणार.